तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या कंप्युटरमधलं सोनं

मी जुने कंप्युटर सोडवते, भाग वेगवेगळे करते आणि भंगारात विकते, हे कळलं की बहुतेक जण आवाज जरा खाली आणून एकच गोष्ट विचारतात. "त्यात सोनं असतं ना? मग ते काढत का नाही?"

असतं. रॅमच्या (कंप्युटरच्या तात्पुरत्या स्मृतीच्या) पट्टीच्या खालच्या कडेला जे पिवळे दात दिसतात, ते खऱ्या सोन्याच्या मुलाम्याचे असतात. सोनं गंजत नाही, म्हणून जिथे दोन भाग एकमेकांना टेकून वीज पुढे जाते तिथे तेच वापरतात. पण तो थर एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. माणसाचा केस पन्नासेक मायक्रॉनचा तरी असतो, यावरून अंदाज करा. एका पट्टीवर सोनं निघणार ते काही मिलिग्रॅम. टोकियो ऑलिम्पिकच्या पदकांसाठी 2017 ते 2019 या दोन वर्षांत जपानभरातून सुमारे 79 हजार टन जुनी उपकरणं गोळा झाली, शिवाय 62 लाख मोबाइल. एवढ्या डोंगरातून सोनं निघालं सुमारे 32 किलो, आणि तेही मोठ्या कारखान्यांत.

घरी काढायचं म्हणजे अ‍ॅसिड. नायट्रिक अ‍ॅसिडचा तांबूस धूर छातीत गेला की त्या क्षणी फार काही जाणवत नाही, त्रास कधीकधी काही तासांनी सुरू होतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. शिवाय तांबं आणि शिसं विरघळलेलं ते पाणी शेवटी ओतणार कुठे? मी हे करत नाही. तुम्हीही करू नका, अगदी कळवळून सांगते.

मग पैसे मिळतात कशाचे? निवडण्याचे. सुरुवातीला मी सगळं एकाच पोत्यात भरून काट्यावर ठेवलं होतं. घेणाऱ्याने वरवर पाहिलं आणि आतल्या सगळ्यात हलक्या मालाचा भाव पूर्ण पोत्याला लावला. तेव्हा राग आला. आता वाटतं, त्याचं बरोबर होतं. निवडायचे कष्ट त्याला पडणार होते, तर भाव त्याने त्याच हिशेबाने दिला.

निवडण्याच्याही आधी एक काम असतं: चालू करून बघणं. चालणारी रॅम किंवा प्रोसेसर (कंप्युटरची मुख्य चिप) दुरुस्ती करणाऱ्याला हवा असतो आणि तो भंगारापेक्षा कितीतरी जास्त देतो. चालती वस्तू वजनावर विकताना मला अजूनही वाईट वाटतं.

कॅबिनेट लोखंडात जातं, पंखे आणि प्लास्टिक बाजूला, त्यात डोकं घालण्यासारखं काही नाही. प्रोसेसरवरची हीटसिंक (त्याला थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) काढून अ‍ॅल्युमिनियममध्ये टाका. काहींच्या बुडाशी तांबं असतं, ती वेगळी ठेवा. पॉवर सप्लाय, म्हणजे कंप्युटरला वीज पुरवणारा डबा, मात्र मी उघडतच नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) तीनशे व्होल्टच्या आसपास दाब काही वेळ साठून राहू शकतो. डबा बंदच विकला जातो, त्याचा भाव वेगळा असतो.

वायरींपाशी घाई करू नका. तार तोडा आणि तिचं तोंड उजेडात धरून बघा. वरून रुपेरी दिसणारी तार पुष्कळदा आतून लाल निघते, कारण तांब्यावर कथील चढवलेलं असतं. याच्या उलटही होतं. वरून लालभडक असलेली तार कानशीने जरा घासली की आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम दिसतं. पहिली तांब्यात टाकायची, दुसरी नाही. दुसरीचा एक गुंडाळा जरी तांब्याच्या पोत्यात सापडला, तरी पूर्ण पोत्याबद्दल शंका येते आणि पुढच्या वेळी तुमचा माल जास्त बारकाईने तपासला जातो.

बोर्डांची, म्हणजे ज्यांवर चिपा आणि इतर भाग बसवलेले असतात त्या पाट्यांची, प्रत लावताना हात आपोआप सावकाश होतो. तपकिरी, एकाच बाजूला तांबं असलेले पॉवर सप्लायचे आणि जुन्या मॉनिटरचे बोर्ड हलके. हिरवे, बारीक चिपांनी भरलेले मदरबोर्ड (कंप्युटरचे मुख्य बोर्ड) त्याहून वरचे. रॅम आणि प्रोसेसर तर स्वतंत्रच. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल आणि लोखंडी पट्ट्या आधी काढून घ्या. हे बोर्ड शेवटी तांबं गाळणाऱ्या मोठ्या भट्टीत जातात. तिथे वितळलेलं तांबं सोनं, चांदी आणि पॅलेडियम आपल्यात ओढून घेतं. मग विजेच्या साहाय्याने तांबं शुद्ध करताना हे मौल्यवान धातू तळाच्या गाळात उरतात. म्हणजे माझ्या पोत्यातलं सोनं निघतं खरं, पण जिथे धूर आणि पाणी आवरण्याची सोय असते तिथे.

प्रोसेसरमध्ये जुने सिरॅमिकचे सगळ्यात मोलाचे. 1995 सालचा पेंटियम प्रो हाती आला तर पिना न वाकवता, कापडात गुंडाळून ठेवा. अशा प्रोसेसरच्या सोनेरी पिना लोहचुंबकाला चिकटल्या की लोक घाबरतात, खोट्या आहेत म्हणतात. खोट्या नसतात. आतला धातू लोखंड, निकेल आणि कोबाल्टचा असतो, सोनं फक्त वरून.

लॅपटॉपच्या बॅटऱ्या कधीही फोडू नका, चेपू नका, बोर्डांच्या पोत्यात टाकू नका. त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि फुगलेली असेल तर एकटी, बाकी मालापासून लांब, कोरड्या जागी ठेवा. जुने काचेच्या नळीचे मॉनिटर तर तसेच, न फोडता द्या. त्यांच्या काचेत शिसं असतं.

हार्ड डिस्क विकण्याआधी त्यातला मजकूर नीट पुसा. मी बंद पडलेल्या डिस्कच्या तबकड्याच काढून मोडते. एकदा लॅपटॉपच्या डिस्कची तबकडी धातूची समजून पकडीने वाकवायला गेले, तर ती काचेची निघाली आणि तिचे बारीक तुकडे उडाले. त्या दिवसापासून चष्मा घातल्याशिवाय मी डिस्कला हात लावत नाही.

तुम्ही पहिली डिस्क उघडाल तेव्हा आत कमानीसारखी, लोखंडी पट्टीला चिकटवलेली दोन रुपेरी लोहचुंबकं दिसतील. ती निओडिमियमची असतात आणि दोन्ही एकदम झेपावली तर मधे सापडलेलं बोट चेंगरतं, म्हणून एकेक करून काढा. त्यातलं एक विकू नका. दोरीला बांधून कामाच्या जागी टांगा. लोखंड कोणतं आणि अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ कोणतं, हे त्याच्याजवळ तुकडा नेला की कळतं. माझं आठ वर्षांपूर्वीचं अजून तिथेच लटकतंय.