मामा कुणाला म्हणायचं?

चीनमधल्या सुजौ शहरातल्या एका सप्लायरकडच्या बाईशी माझं गेली चार वर्षं कामानिमित्त बोलणं होतं, आता बऱ्यापैकी मैत्रीच झालीये म्हणा ना. ती एकुलती एक, नवराही एकुलता एक. परवा कॉल संपता संपता मी सहज म्हटलं, सुट्टीत पोरं मामाकडे जाणारेत, तर ती म्हणाली, माझ्या मुलाला सख्खा मामाच नाही. मावशी, काका, आत्या, कुणीच नाही.

पोटात कालवलं ऐकून. कारण चिनी भाषा नात्यांच्या बाबतीत अगदी आपल्यासारखी आहे हो, मामा जिउजिउ, आत्या गूगू, आणि काकांमध्ये तर वडलांचा मोठा भाऊ वेगळा नि धाकटा वेगळा, सगळ्यांना अंकल म्हणून मोकळं होत नाहीत ते लोक. एवढे शब्द आहेत आणि हाक मारायला माणूस नाही.

१९८० पासून २०१५ पर्यंत एक मूल धोरण होतं, खेड्यांत बऱ्याच ठिकाणी पहिली मुलगी असली तर दुसऱ्याला परवानगी मिळायची पण शहरात नोकरदारांना फार कडक. मग २०१६ ला दोन, २०२१ ला तीन मुलांची मुभा दिली, तरी २०१६ मध्ये जवळपास १ कोटी ७९ लाख जन्म झाले होते ते २०२३ मध्ये ९० लाखांवर आले. घराचे हप्ते, शाळेचा खर्च, हे आहेच. पण तिचं म्हणणं मला जास्त पटलं, ती म्हणाली दोघांचे मिळून चार म्हातारे आमच्याच जिवावर, दुसरं मूल कोणाच्या भरवशावर काढू? नववर्षाच्या आदल्या रात्रीचं जेवणसुद्धा एक वर्ष तिच्या माहेरी, एक वर्ष सासरी, कुठेही गेले तरी दुसऱ्या घरी दोघंच म्हातारे ताटावर बसलेले.

तिकडे शाओमीच्या फोनमधल्या कॅल्क्युलेटरमध्येच नातं काढायची सोय आहे, आकड्यांऐवजी आई, बाबा, भाऊ, बहीण अशी बटणं, दाबत गेलं की कोणाला काय म्हणायचं ते येतं. लांबचे नातेवाईक सणाला भेटले की लोक खरंच वापरतात. तिच्या सहा वर्षांच्या मुलाने माझ्यासमोर कॅमेऱ्यात फोन धरून आई दाबलं, भाऊ दाबलं, मुलगी दाबलं. मामेबहिणीचा शब्द आला, त्याने तो मोठ्याने वाचला आणि आईला विचारलं, ही कुठे राहते?