माझा की माझे?

मृत्युपत्राचं भाषांतर म्हणजे एरवी पाट्या टाकणं. ‘शरीर व मन सुदृढ असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय’ इथपर्यंत बोटं आपोआप चालतात. परवाचं मात्र पुण्यातल्या एका घोडेशौकीन गृहस्थांचं होतं. इंग्रजी, अकरा वर्षांपूर्वी टाइप केलेलं आणि अथपासून इतिपर्यंत कॅपिटलमध्ये. सातव्या कलमाशी अडले. पुतण्याला काय, तर ‘माय कोल्ट, विथ ऑल इट्स पेपर्स’.

कोल्ट म्हणजे रेसवाल्यांच्या हिशेबात चार वर्षांपर्यंतचा, खच्ची न केलेला नर. मादी असेल तर फिली. आपलं शिंगरू नर-मादी सांगत नाही आणि गाढवाचंही चालतं, म्हणून मी ‘बछेरा’ लिहिलं. मग आठवलं, १८३६ साली रिव्हॉल्व्हरचं अमेरिकन पेटंट घेणाऱ्या सॅम्युअलचं आडनावही कोल्टच. कॅपिटल सी दिसला असता तर प्रश्नच मिटला असता, पण इथे सगळीच अक्षरं मोठी. कागदपत्रं घोड्याचीही असतात, हत्याराचीही.

वकिलांना फोन केला. गृहस्थांकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं का? होतं. कोणत्या कंपनीचं? “मॅडम, कोल्ट म्हणजे घोडा, एवढं सगळ्यांना माहितीये. घोडाच लिहा.” सगळ्यांना म्हणजे त्यांच्या अशिलाला. भाषांतरकाराकडून अर्थ नको असतो, सोय हवी असते. आणि अकरा वर्षांपूर्वीचा कोल्ट आज कोल्ट कसा राहील?

बरं, नुसतं ‘कोल्ट’ ठेवावं तरी मराठी सुटू देत नाही. ‘माझा कोल्ट’ लिहिलं की घोडा, ‘माझे कोल्ट’ लिहिलं की रिव्हॉल्व्हर. तासाभराने सुचलं: ‘माझ्याकडील कोल्ट, त्याच्या सर्व कागदपत्रांसह’. कुठेही लिंग नाही! खाली टीप टाकली, की मूळ शब्दाचे दोन अर्थ संभवतात. सही, शिक्का. वकील नाराज, मी खूश.

रात्री भांडी आवरताना नववं कलम आठवलं. तिथे कुत्र्याच्या पट्ट्याला ‘हिज कॉलर’ होतं. कुत्र्याला ‘हिज’ म्हणणारा घोडेवाला आपल्या बछेऱ्याला ‘इट्स’ म्हणेल? की ते टायपिस्टचं? मूळ कागदात एवढा एकच धागा होता, आणि माझ्या त्या झकास वाक्यात दोन्हींचं ‘त्याच्या’च झालंय. टिपेत त्याबद्दल एक अक्षर नाही.

प्रत सकाळीच दाखल झाली होती.