साठ बार आणि चार बोटं साय

काल शिफ्टला आरओची एक मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पडद्यांची गुंडाळी, करवतीने कापली. आठ इंच जाड, चाळीस इंच लांब, बाहेरून कोरी करकरीत. उलगडली तर आतल्या पडद्यांवर करड्या रंगाची बुळबुळीत साय. तीनदा हात धुतले, तरी डब्यातल्या भाकरीला तो वास लागलाच.

इचलकरंजीत प्रोसेस हाउसच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या, ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर) येण्याआधी मी चेन्नईकडे समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या आरओवर होतो. तिथला वैरी मीठ. लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे ऑस्मॉटिक प्रेशरच (मीठ ज्या जोराने पाणी धरून ठेवतं तो दाब) २७ बारच्या आसपास; एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका. त्याच्या वर जोर लावल्याशिवाय गोड पाण्याचा थेंब पडत नाही, म्हणून पंपाचा दाब साठ बारच्या घरात. सगळा पैसा विजेत जातो. इथे दाब कमी लागतो, पण रंग, स्टार्च, जिवाणू मेंब्रेनचा गळा धरतात. म्हणून आधी एमबीआर (जिवाणूंकडून घाण खाववून पडद्यातून गाळणारी टाकी), मग यूएफ (आणखी एक बारीक गाळणी), आणि मगच आरओ. यूएफवर कंजुषी केली की काय होतं, ते काल कापून बघितलं. आणि आरओचं रिजेक्ट, म्हणजे मागे उरलेलं घट्ट पाणी? ते आटवायला इव्हॅपोरेटरला. तिथे वाफेत पैसे उकळतात.

जपानमधल्या किताक्यूशू शहराने समुद्राच्या पंपाची वीज आणि सांडपाण्याचं रिजेक्ट, या दोन दुखण्यांची गाठ घातली. तिथल्या प्रात्यक्षिक प्रकल्पात सांडपाणी एमबीआर आणि आरओतून काढून कारखान्यांसाठी पाणी केलं, आणि त्याचं रिजेक्ट समुद्राच्या पाण्यात मिसळलं. रिजेक्ट समुद्रापेक्षा पुष्कळ कमी खारं, त्यामुळे मिश्रण पातळ होतं, ऑस्मॉटिक प्रेशर उतरतं, पंपाचा दाबही उतरतो. शिवाय शेवटी समुद्रात परत जाणारं पाणीही नेहमीच्या रिजेक्टइतकं खारट राहत नाही. एवढी साधी गोष्ट, मी सहा वर्षं पंपाशेजारी उभा राहूनही सुचली नव्हती!

पण ते शहराचं सांडपाणी. आमच्या रिजेक्टमध्ये डाइंगचं मीठ आणि न सुटणारा रंग. ते मिसळलं तर समुद्राच्या मेंब्रेनलाही ही साय भेट द्यायची. मिसळण्याआधी रंग काढावाच लागेल, आणि तेच अवघड आहे.

हे सगळं मी आमच्या हेल्परला चहा पिता पिता सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं.

"मग सर, आपलं रिजेक्ट टँकरनं रत्नागिरीला न्यायचं काय?"

"आंबा घाटातनं?"

"डिझेल कोण देणार, ते बघा आधी."

तेवढ्यात इव्हॅपोरेटरचा अलार्म वाजला, आणि चहा तसाच राहिला.