वेबकॅम बंद पडला? ड्रायव्हरला हात लावायच्या आधी

वेबकॅम चालेनासा झाला की बहुतेकांचा पहिला हात जातो तो ड्रायव्हरवर, म्हणजे कॅमेरा आणि विंडोज यांची गाठ घालून देणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरवर. कुठून तरी ‘ड्रायव्हर अपडेटर’ उतरवला जातो, कॅमेरा राहतो बाजूला आणि लॅपटॉपवर जाहिरातींचा पसारा होतो. खरं तर साध्या वेबकॅमला लागणारा ‘यूएसबी व्हिडिओ डिव्हाइस’ ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच असतो, आणि बहुतेक लॅपटॉपच्या झाकणातला कॅमेराही आतून यूएसबीनेच जोडलेला असतो. ड्रायव्हरचा नंबर उशिराच लागू द्या.

आधी विंडोजचं स्वतःचं ‘कॅमेरा’ ॲप उघडा. झूम किंवा मीट नको, त्यांच्या सेटिंगच्या भानगडी वेगळ्या. ॲप उघडल्यावर लेन्सशेजारचा बारीक दिवा बघा.

दिवा लागला आणि चित्र मात्र काळंकुट्ट, म्हणजे कॅमेरा जागा आहे, त्याचा डोळा झाकलाय. लेन्सवरची सरकती पट्टी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते. थिंकपॅडवर ती बंद असली की लाल ठिपका दिसतो, इतर बऱ्याच ठिकाणी नुसतं काळ्यावर काळं. मोबाइलचा टॉर्च मारा आणि नखाने हळूच सरकवून बघा. बाजारात मिळणारी चिकटवायची झाकणं मला पसंत नाहीत. डिंक लेन्सवर उतरला की चित्र धुरकट होतं, आणि जाड झाकणावर लॅपटॉप मिटला तर स्क्रीनला तडा जाऊ शकतो. ॲपलने मॅकबुकसाठी ०.१ मिमीपेक्षा जाड झाकण लावू नका, असं लेखीच सांगितलंय.

दिवाच लागत नसेल तर एररच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. ४२४३ असेल तर कॅमेरा दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलाय: मागे राहिलेली मीटिंग, ब्राउझरचा विसरलेला टॅब, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. ते बंद करा. ४२४४ म्हणजे विंडोजला कॅमेरा सापडतच नाहीये. अशा वेळी कीबोर्डच्या वरच्या ओळीत कॅमेऱ्यावर काट मारलेलं चित्र असलेली की आहे का बघा. काही मॉडेलमध्ये ती दाबली की कॅमेरा यंत्रणेतूनच गायब होतो, जणू कधी नव्हताच. अँटिव्हायरसमधलं ‘वेबकॅम प्रोटेक्शन’ही एकदा तपासा.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग कॅमेरा इथे जा. वरची दोन बटणं सगळे बघतात, पण पान खाली सरकवल्यावर दिसणारं ‘डेस्कटॉप ॲप्स’चं तिसरं बटण हमखास राहून जातं. क्रोम आणि झूमसारखी नेहमीच्या पद्धतीने टाकलेली सॉफ्टवेअर त्या एकाच बटणावर चालतात. वरच्या यादीत झूम सापडत नाही म्हणून घाबरू नका, ते तिथे नसतंच. फक्त ब्राउझरमध्येच कॅमेरा येत नसेल तर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून परवानगी बघा.

एवढं करूनही ‘कधी चालतो, कधी नाही’ असा खेळ असेल तर संशय बिजागरीवर घ्या. कॅमेऱ्याची केसाएवढ्या तारांची केबल तिथूनच जाते आणि रोजच्या उघडझापीने पिचते. कॅमेरा ॲप चालू ठेवा, झाकण काटकोनात धरा आणि हळूहळू मागे न्या. ठरावीक कोनात चित्र गोठलं, रेघा आल्या किंवा यूएसबी काढल्या-लावल्याचा आवाज वाजला, तर दोष केबलचा किंवा तिच्या कनेक्टरचा. मग शंभर वेळा ड्रायव्हर टाका, फरक पडणार नाही. दुरुस्तीला देताना एक प्रश्न जरूर विचारा: कॅमेऱ्याची केबल वेगळी मिळते की स्क्रीनच्या केबलसोबतच बदलावी लागते? दुसरं उत्तर आलं तर बाहेरचा वेबकॅम घेणंच परवडू शकतं.

बाहेरच्या वेबकॅमची तक्रार बहुधा हबपाशी, म्हणजे एका यूएसबी पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीपाशी असते. हिशेब करून बघा: १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येकी १६ बिट, सेकंदाला ३० चौकटी म्हणजे जवळपास ९९५ मेगाबिट. यूएसबी २.० ची कमाल मर्यादा ४८०. म्हणून कॅमेरा चित्र दाबून, एमजेपेग स्वरूपात पाठवतो. एकाच हबवर दोन कॅमेरे लावले की तीही वाट तुंबते. कॅमेरा थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, लांब एक्स्टेन्शन काढून टाका.

अपडेटनंतर कॅमेरा बंद पडला, ही तक्रारही दर वेळी मनाचा खेळ नसते. ऑगस्ट २०१६ मध्ये विंडोज १० च्या ॲनिव्हर्सरी अपडेटने ॲपना एमजेपेग थेट घेऊ देणं थांबवलं, तेव्हा चांगले धडधाकट वेबकॅम चालता चालता गोठायला लागले होते.

आता ड्रायव्हर. विंडोज की आणि एक्स एकत्र दाबा आणि येणाऱ्या यादीतून डिव्हाइस मॅनेजर उघडा. कॅमेऱ्यावर खाली रोखलेला बाण असेल तर तो नुसता बंद केलेला आहे, राइट क्लिक करून ‘एनेबल’ करा. अपडेटनंतर बिघडला असेल तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने आधीच्या ड्रायव्हरवर परत जाता येतं का बघा. नाहीतर ‘अनइन्स्टॉल’ करून लॅपटॉप ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ नको, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. कंपनीचा ड्रायव्हर तरीही अडत असेल तर ‘अपडेट ड्रायव्हर’मधून हाताने ‘यूएसबी व्हिडिओ डिव्हाइस’ निवडा.

चित्र येतंय पण त्यावर आडवे पट्टे सरकतायत? मग कॅमेरा ६० हर्ट्झवर आहे आणि आपली वीज ५० हर्ट्झची. कॅमेरा ॲपच्या सेटिंगमध्ये फ्लिकरसाठी ५० निवडा.