केळीच्या पानावरचे पाच ठिपके

फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार होता. दादर पश्चिमेला, फुलबाजारापासून हाकेच्या अंतरावर माझं चष्म्याचं दुकान आहे. मागच्या खोलीत मीच डोळे तपासते. शनिवारची गर्दी ठरलेली. परीक्षेच्या तोंडावर फळा दिसत नाही म्हणणारी पोरं, लग्नाआधी फ्रेम बदलायला आलेल्या मुली आणि 'नुसता स्क्रू आवळून द्या' म्हणत पाऊण तास बसणारे. त्यात एक काका आले. वय सहासष्ट, बँकेतून निवृत्त, राहायला पार्ल्याला. बरोबर तिशीचा भाचा. काकांना नंबराचा पोलरॉइड चष्मा हवा होता, तोही आठवड्याच्या आत. हिमाचलात १ मार्चला ट्राउट मासे पकडायचा हंगाम उघडतो आणि मामा-भाचे दरवर्षी तीर्थन नदीवर जातात, एवढं मला पहिल्या दोन मिनिटांत कळलं.

मी सगळ्यांना विचारते तेच त्यांनाही विचारलं. "काका, नेमकं किती अंतरावरचं बघायचं असतं?"

"चाळीस फूट. दोरीचं टोक पाण्यात शिरतं ती जागा."

"आणि हट्ट सोडला तर चाळीस फुटांवर हे बघायचं असतं," असं म्हणत भाच्याने खिशातून एक डबी काढून माझ्या टेबलावर उपडी केली. करवंदाएवढे प्लास्टिकचे पोकळ मणी, फोमचे तुकडे, लोकरीचे झुपके. नारिंगी-लाल, गुलाबी, पोपटी, पांढरा, एक काळासुद्धा.

माझे बाबा चिपळूणचे. वाशिष्ठीवर गळ टाकायला जायचे तेव्हा दोरीला भेंडाचा तुकडा बांधत. भेंड बुडालं की ओढायचं. मी म्हटलं, "हे आमच्याकडचं भेंडच की!"

काका एवढे खूश झाले की विचारू नका. "ऐक! मॅडमनी पहिल्या नजरेत ओळखलं. भेंडच आहे ते. इंग्लंडात तर त्याला बूचच म्हणतात. आणि बूच लावून केलेल्या मासेमारीला फ्लाय फिशिंग म्हणायचं नाही."

पुढची वीस मिनिटं मी एका डोळ्यासमोर काच बदलत होते आणि दोघांचं भांडण ऐकत होते. मला समजलं ते असं. फ्लाय फिशिंगमध्ये गांडूळ नाही, पीठ नाही. गळाला पिसं-दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. ती पाण्यावर तरंगणारी असेल तर मासा वर येऊन घेतो, ते दिसतं. पण ट्राउटचं बरंचसं खाणं पाण्याखाली, किड्यांच्या अळ्यांवर चालतं. त्या अळीची नक्कल करणारा गळ म्हणजे निम्फ. मासा ती तोंडात घेतो आणि खोटी आहे हे कळताच थुंकतो. या सगळ्याला एखादा सेकंदही लागत नाही. वर दोरी जेमतेम थबकते. ते थबकणं दिसावं म्हणून हा तरंगता ठिपका, स्ट्राइक इंडिकेटर. पाणी जेवढं खोल त्याच्या साधारण दीडपट अंतरावर, गळापासून मोजून, तो बांधायचा.

काकांचा आक्षेप दिसण्याला नव्हता. "तो नुसता दाखवत नाही हो, तो गळ झेलून धरतो. खोली तोच ठरवतो. म्हणजे माझं निम्मं काम त्यानेच केलं. मग मी तिथे कशाला?" जागतिक स्पर्धांत इंडिकेटर चालत नाही, हाही दाखला त्यांनी दिला. भाचा म्हणाला, म्हणून तर ते स्पर्धक दोरीतच रंगीत तुकडा जोडतात. तो दोरीचा भाग, म्हणून चालतो. आहे की नाही गंमत?

मग ते शंभर वर्षं मागे गेले. हॅलफर्ड नावाचे एक इंग्रज गृहस्थ, तरंगती माशी हीच खरी, असं मानणारे. आणि स्क्यूज नावाचे वकील, ज्यांनी निम्फचा कैवार घेतला. हॅलफर्ड १९१४ मध्ये वारले, पण त्यांचे अनुयायी इतके कडवे की १९३८ मध्ये लंडनच्या क्लबात निम्फवर रीतसर वादसभा भरली आणि स्क्यूज ऐंशीला टेकलेले असताना तिथे उत्तरं देत होते. "म्हणजे मामा, तुझी निम्फसुद्धा एके काळी लबाडीच होती," भाचा म्हणाला. "आणि तू आज इथे कशाला आलायस? पोलरॉइडला. पाण्यावरची चकाकी काढून मासा बघायला. हॅलफर्डकडे होता पोलरॉइड?"

काका गप्प झाले. मुद्दा बिनतोड होता. पाण्यावरून उसळलेला उजेड बराचसा आडव्या दिशेत कंप पावतो आणि पोलरॉइडची काच नेमका तोच अडवते. असे चष्मे बाजारात आले ते १९३० च्या दशकात. मी मात्र मनात म्हटलं, ही दोघं पकडलेला मासा सोडून देतात म्हणे! आमच्याकडे बाबा रिकाम्या हाताने आले की कुळथाचं पिठलं व्हायचं. शिंगाळ्याला न्याय मिळाला का, हे कोणी विचारलं नाही.

नंबर जवळजवळ ठरला होता. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात, बाकी ठीक. शेवटची खात्री म्हणून मी लाल-हिरवी पट्टी लावली. अर्धा पडदा लाल, अर्धा हिरवा, दोन्हींवर काळी अक्षरं. कुठली जास्त ठळक, एवढंच सांगायचं असतं.

काका म्हणाले, "डावीकडचा दिवा गेलाय का तुमचा? फार मंद आहे."

डावीकडे लाल होता, आणि दिवा ठणठणीत होता.

इथे मी चुकले. भाच्याला चहाला पाठवायला हवं होतं. पण गप्पांच्या ओघात होते, कुतूहलही चाळवलं होतं. मी खणातून इशिहाराचं पुस्तक काढलं. १९१७ सालची जपानी चाचणी, ठिपक्यांत लपलेले आकडे. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांना दिसतो, त्यांनाही दिसला. दुसऱ्या पानावर ८ असतो. ते म्हणाले, ३. पुढे २९ चे ७० झाले, ७४ चे २१ झाले. शेवटाकडे २६ चं पान येतं, तिथे त्यांना नुसता ६ दिसला. लाल उजेड टिपण्यात ज्यांचे डोळे कमी पडतात त्यांचं हे ठरलेलं उत्तर. जन्मापासून असतं. आईकडून मुलाकडे येतं. बँकेत सहीच्या शाईचा रंग कोण विचारतो! त्यांना सहासष्ट वर्षं कळलं नव्हतं.

भाचा आधी माझ्याकडे बघत राहिला, मग एकदम हसत सुटला. "मामा! म्हणजे तुला तो दिसतच नव्हता! तत्त्व कसलं घेऊन बसलायस!"

काका हसले नाहीत. शर्टाच्या खिशातला जुना चष्मा काढून पुसत बसले. आम्ही दिवसभर माणसांना त्यांच्यातली उणीव सांगतो, पण ती नंबराच्या भाषेत सांगतो. उणे दोन, अधिक अडीच. आकडा असला की कोणाला लागत नाही. हे तसं नव्हतं. वातावरण जरा हलकं करावं म्हणून, आणि खरं सांगायचं तर स्वतःची चूक झाकावी म्हणूनही, मी म्हटलं, "चला, बाहेर बघू."

गल्लीच्या तोंडाशी केळीची पानं विकणाऱ्या मावशी बसतात. एक पान मागून घेतलं, त्यावर थोडं पाणी शिंपडलं आणि पाच रंग ओळीने मांडले. पानापासून दुकानाच्या पायरीपर्यंत साधारण चाळीस फूट भरतात. काका पायरीवर, नाकावर काचा बदलून बघायची ट्रायल फ्रेम, दोन हातगाड्यांच्या मधून बघतायत. मावशी ओरडल्या, "अहो, ह्यांना झालंय काय?"

"पांढरा दिसतो," काका म्हणाले. "पोपटीही दिसतो, फिकट आहे. काळा स्वच्छ. गुलाबी... मातकट काहीतरी आहे. चारच आहेत ना?"

पाचवा नारिंगी-लाल होता. भाच्याचा लाडका. मावशींच्या बाजूला झेंडूची टोपली होती, तिच्यातलं फूल जेवढं भडक, तेवढाच भडक. भाच्याने तो पानावरून उचलला, हातात फिरवला आणि या खेपेला काही बोलला नाही.

मग पोलरॉइडच्या काचा. तपकिरी आणि राखाडी, दोन्ही दाखवल्या. समोर उभ्या टॅक्सीच्या टपावरची चकाकी विझली आणि मागच्या काचेवर डाग-डाग उमटले, तसे काका सुखावले. तपकिरी काच घेतली, तिच्यात पान जरा उठून दिसत होतं. भाच्याला मी काळा झुपका बाजूला काढून दिला. संध्याकाळच्या चंदेरी पाण्यावर काळाच सगळ्यांत नीट दिसतो, हे त्याला ठाऊक होतं, पण मामासाठी म्हणून त्याने तो कधी काढला नव्हता. चष्मा गुरुवारी दिला.

रंगांधळा हा शब्द मी त्यांच्यासमोर एकदाही वापरला नाही. पण भाच्याचं ते हसणं पुढे बरेच दिवस माझ्या कानात होतं. माणसाने एक रेघ आखून घ्यावी, तीस वर्षं तिच्यामागे उभं राहावं आणि कोणीतरी पुस्तकाची चार पानं उलटून सांगावं की रेघ तू आखलीच नव्हतीस. मला ते पटलं नव्हतं. पांढरा तर त्यांना दिसतच होता. दुकानात मिळतोही.

मे महिन्यात काका परत आले. फ्रेमची दांडी सैल झाली होती. मी स्क्रू आवळत असताना स्वतःहून म्हणाले, "लावून बघितला. पांढरा."

"मग?"

"दिसला की. तासभर त्याच्याचकडे बघत होतो. दोन मासेही लागले. मग काढून टाकला. एरवी मी नदीकडे बघत असतो हो." थोडं थांबून म्हणाले, "भाच्याने मात्र त्या पोकळ मण्यांऐवजी आता लोकर लावलीय. मणी तुटून वाहून जातात, प्लास्टिक ते. त्याचं त्यालाच वाटलं."

बरोबर सात वर्षांचा नातू होता, मुलीचा मुलगा, ठाण्याहून सुट्टीला आलेला. मुलीकडे हा रंगांचा दोष नक्की गेलेला असणार आणि नातवाकडे यायची शक्यता निम्मी, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं होतं. काकांनी नुसती मान वळवून खणाकडे बघितलं. मी पुस्तक काढलं. पोराने १२ वाचला. मी पान उलटलं.

"आठ," तो म्हणाला, आणि लगेच विचारलं, "झालं? आता गोळा?"

काका हसले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पण थोडेसे हिरमुसलेसुद्धा, असं मला वाटलं.