किती घेतात ते खरं सांगा

दादाचा पाय मोडला म्हणून त्याला अ‍ॅडमिट केलं. माहिती लिहून घेताना सिस्टरनी विचारलं, "दारू घेतात का?" वहिनीनं माझ्याकडे पाहिलं आणि मीच म्हणाले, "कधीतरी, लग्नकार्यात." खरं तर १२ वर्षं रोज दोन क्वार्टर. घरातली गोष्ट चारचौघांत कशाला, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की चहाचा कप ओठापर्यंत जाईना. उशी घामानं भिजली. पाय ठणकत असेल, असं आम्ही धरून चाललो. तिसऱ्या रात्री कॉटची दांडी दोन्ही हातांनी धरून तो टेम्पो चालवत होता. "बाजूला व्हा, ब्रेक लागत नाहीये!" सलाइनची सुई त्यानं उपसून काढली.

मग रात्रपाळीच्या सिस्टरना मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "शेवटची कधी घेतली?" एवढंच विचारून त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, की ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी असा भ्रम होतो. त्यात जीवही जातो. म्हणून घरच्या घरी कुणाची अशी एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

दादाला शांत करायला लोराझेपाम या औषधाचं इंजेक्शन दिलं. ग्लुकोज लावण्याआधी बी-१ जीवनसत्त्व दिलं. ते आधी नसेल तर मेंदूला इजा होऊ शकते म्हणे. मग दर तासाला सिस्टर यायच्या. "भाऊ, हात पुढे करा, बोटं पसरा. आज वार कोणता?" दादा चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचत होता आणि मी, "अरे, नाहीयेत मुंग्या!" म्हणून रडकुंडीला आले होते.

सिस्टर म्हणाल्या, "ताई, वाद घालू नका. मला दिसत नाहीत, पण मी इथेच आहे, तू दवाखान्यात आहेस, असं सांगत राहा. एक दिवा चालू ठेवा, जवळ एकाच माणसानं थांबा."

शेजारच्या कॉटवाले म्हणाले, बांधून ठेवा. सिस्टर स्टूल ओढून त्याच्याजवळ बसल्या, पहाटेपर्यंत.

पाचव्या दिवशी त्यानं डोळे उघडले आणि विचारलं, "टेम्पो कुठे लावलाय?" वार विचारला, तोही बरोबर सांगितला.

प्लास्टर निघाल्यावर त्याला पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेलो. तिथेही तोच प्रश्न आला. मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "रोज दोन क्वार्टर. १२ वर्षं."