ड्रायव्हर वाटेवर, खोकी उभी

स्वतः बनवत असलेल्या स्पीकरच्या जोडीची सध्याची स्थिती अशी: दोन्ही खोक्यांच्या पाच-पाच बाजू चिकटून झाल्यात, आत ब्रेस (भिंतींना आधार देणारी फळी) बसलाय, मागच्या फळीत पोर्टची, म्हणजे हवा आत-बाहेर जायची, नळी आहे. पुढची फळी, म्हणजे बॅफल, मात्र कोरी आहे. ड्रायव्हर, म्हणजे प्रत्यक्ष आवाज काढणारे वूफर (खालच्या सुरांसाठी) आणि ट्विटर (वरच्या सुरांसाठी), अजून वाटेत आहेत आणि ते हातात येईपर्यंत त्या फळीला राउटर (भोकं आणि खाचा कोरायचं यंत्र) लावायचा नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं.

आधी खोकी आणि मग ड्रायव्हर हा क्रम बऱ्याच जणांना उलटा वाटतो. मला तो पटतो, कारण आतल्या घनफळाला बरीच सवलत असते, बॅफलच्या भोकाला अजिबात नसते. माझ्या साडेसहा इंची वूफरच्या डेटाशीटवर एफएस (ड्रायव्हरच्या शंकूची, म्हणजे कोनची, मोकळ्या हवेतली कंपनसंख्या) ३८ हर्ट्झ, क्यूटीएस (ते कंपन किती लवकर शमतं त्याचा आकडा) ०.३८ आणि व्हीएएस (कोनच्या आधारांइतकी लवचिक असणारी हवा) २८ लिटर असे आकडे आहेत. प्रत्यक्ष नग मोजला की ते तंतोतंत जुळत नाहीत, हे आपल्याला माहीतच आहे. समजा तो ४२ हर्ट्झ, ०.४२ आणि २३ लिटर निघाला. वरवर पाहता सगळाच हिशेब कोलमडला. पण एफएसला क्यूटीएसने भागा: दोन्ही वेळा १००. एफएसचा वर्ग करून व्हीएएसने गुणा: दोन्ही वेळा साधारण ४०,५००. म्हणजे कोनचं वजन तेच, मोटर (चुंबक आणि कॉइल) तीच, फक्त स्पायडर आणि सराउंड हे कोनला धरणारे लवचिक भाग जास्त कडक आहेत. खोक्यात बसवल्यावर आतल्या हवेचा ताठपणाही त्यात मिळतो, त्यामुळे हा फरक बराचसा दबून जातो आणि बासची रेष जेमतेम हलते. थील या अभियंत्याने १९६१ मध्ये आणि स्मॉलने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हे गणित मांडून ठेवलं, म्हणून आज ड्रायव्हर न बघता करवत चालवायचा धीर होतो. भागाकारच १०० ऐवजी ८० किंवा १२० आला, तर मात्र खोक्याचा पुनर्विचार करावा लागेल.

मापं देतो. १८ मिमी एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंची फळी), बाहेरून रुंदी २२, उंची ४६, खोली ३२.४ सेंमी. आतून १८.४, ४२.४ आणि २८.८, म्हणजे साडेबावीस लिटर. त्यातून बॅफलमागच्या पट्ट्या, ब्रेस, पोर्ट, वूफरची पाठ आणि क्रॉसओव्हर (वूफर-ट्विटरमध्ये सूर वाटून देणारं सर्किट) मिळून अडीच लिटर वजा, हातात २० राहतात. उंची मुद्दाम जास्त धरली. या मापांना आतल्या उभ्या लहरी (समोरासमोरच्या भिंतींमध्ये घुमणारे सूर) साधारण ४०५, ६०० आणि ९३५ हर्ट्झवर पडतात, एकीच्या पटीत दुसरी येत नाही. फळ्या कापण्याआधी जाडी व्हर्नियरने मोजा. १८ मिमी म्हणून घेतलेला बोर्ड थोडा कमी भरतो, आणि आतल्या फळ्यांची लांबी त्यावरच अवलंबून असते.

चिकटवण्यावर मी सर्वांत जास्त वेळ दिला आणि तो सार्थकी लागला. कडेला लाकडाचा पांढरा गोंद सलग ओढायचा, फळी बसवून किंचित घासायची म्हणजे गोंद पसरतो, मग क्लॅम्प. क्लॅम्प पुरते आवळण्याआधी दोन्ही कर्ण मोजायचे. जो कर्ण लांब भरेल त्या दिशेने एक क्लॅम्प तिरका लावून हळूहळू ओढलं की खोकं गुण्यात (काटकोनात) येतं. मग आतल्या कोपऱ्यात बाहेर आलेला गोंद पुसून न टाकता बोटाने सांध्यावरच फिरवायचा, हवा निसटायची वाट तिथेच बंद होते. सांध्यांवर सँडिंगची घाई नको. गोंदातल्या पाण्याने एमडीएफची कड फुगलेली असते. ती वाळण्याआधी सपाट केली तर पुढे रंगाखाली सांध्याची रेघ उमटते. आणि एमडीएफचा भुसा फार बारीक, मास्कशिवाय काम करू नका.

ब्रेस म्हणजे मोठ्या खिडक्या कापलेली आडवी फळी, ती मध्यावर न बसवता थोडी वर बसवली. बोटाच्या पेराने बाजूवर टकटक केली की फरक लगेच कळतो: ब्रेसच्या आधी लांब, पोकळ आवाज यायचा, आता तो आखूड आणि वरच्या पट्टीतला आहे. बीबीसीच्या अभियंत्यांनी याच्या उलट वाट धरली होती. त्यांच्या एलएस३/५ए या स्पीकरमध्ये १२ मिमी बर्च प्लायच्या भिंती आणि आतून डांबरी थर आहे, म्हणजे कंप वर ढकलण्याऐवजी खाली ठेवून जिरवायचा. ती पद्धत मला मनापासून आवडते, पण एमडीएफमध्ये ब्रेस सोपा पडतो.

पोर्टचा भाग मला सर्वांत आनंद देऊन गेला. ५ सेंमी आतल्या व्यासाच्या नळीने २० लिटरच्या खोक्याचा घुमण्याचा सूर ४२ हर्ट्झवर आणायचा तर लांबी १३ सेंमी निघते. मी १६ ठेवली, कारण नळी कापून आखूड करता येते, लांब करता येत नाही. १६ ला गणित ३८.७ हर्ट्झ सांगतं. आणि हे ड्रायव्हरशिवाय तपासता येतं! कोऱ्या बॅफलने खोकं बंद केलं, वूफर आणि क्रॉसओव्हरच्या जागेपुरती पाण्याने भरलेली बंद बाटली आत ठेवली, छोटा मायक्रोफोन आत सोडून त्याची वायर निघते ते भोक पुटीने बुजवलं. बाहेरून पोर्टसमोर दुसऱ्या स्पीकरवर २० ते १०० हर्ट्झचा स्वीप (हळूहळू चढत जाणारा सूर) वाजवला. आतल्या दाबाचं शिखर ३८ च्या जरा वर आलं, दोन्ही खोक्यांत. शिखर टोकदार असेल तर सांधे घट्ट आहेत. ते बसकं दिसलं तर गळती शोधा. पोर्ट पूर्ण बुजवला तर हेच खोकं बंद पेटी म्हणून क्यूटीसी (खोक्यात बसवल्यावरचा क्यूटीएस) ०.५९ आणि ५९ हर्ट्झवर चालेल, ती वाटही मोकळी आहे.

आता बॅफल. आतून कडेने २० मिमीच्या चौकोनी पट्ट्या चिकटवल्यात, त्यांत टी-नट ठोकलेत, आणि फळी एम५ बोल्ट व फोमच्या पट्टीवर बसते. बोल्ट साधारण १० सेंमीवर एक, त्याहून विरळ ठेवले तर फळी मध्ये झणझणते. अशी फळी चुकली तर दुसरी कापता येते, खोकं तेच राहतं. २२ सेंमी रुंदीला बॅफल स्टेप (ज्याच्या खाली आवाज फळीला वळसा घालून मागेही जाऊ लागतो) साधारण ५२० हर्ट्झच्या आसपास येतो, तो क्रॉसओव्हरमध्ये सांभाळायचा आहे.

ड्रायव्हर आले की पहिलं काम मोजणीचं: फ्रेमचा व्यास दोन-तीन ठिकाणी, कडेची जाडी गॅस्केटसकट. व्हीनियर (लाकडाचा पातळ थर) लावणार असल्याने रिबेटच्या (फ्रेम बसायच्या खाचेच्या) खोलीत त्याचीही जाडी धरावी लागेल. मग इम्पीडन्स (वूफरचा विद्युत विरोध) मोजून एफएस-क्यूटीएसचा वरचा भागाकार तपासायचा, आणि तो पटला तरच राउटर. वूफरचं भोक मागून ४५ अंशात तासायचं आहे, नाहीतर १८ मिमीच्या भिंतीत कोनच्या पाठीमागची हवा कोंडते. फक्त स्क्रूच्या जागी लाकूड पूर्ण जाडीचं ठेवायचं. ट्विटर मध्यरेषेवर ठेवायचा की बाजूला सरकवायचा, ते मात्र अजून ठरलेलं नाही. मी सरकवण्याच्या बाजूने आहे, कारण दोन्ही कडा सारख्या अंतरावर असल्या की त्यांच्यावरून परतणाऱ्या आवाजाचे परिणाम एकाच फ्रीक्वेन्सीवर साचतात. कोणी इतक्या अरुंद बॅफलवर दोन्ही मोजून पाहिलं असेल तर आलेख जरूर दाखवा.